मे महिन्यात बोललेला गणपती

४ मे १९८५, शनिवार
ही वही अर्ज लिहायच्या सरावासाठी घेतली. पण सराव कसला, माझं अक्षर आधीच चांगलं. नववीत नापास झालो तेव्हासुद्धा गुरुजी म्हणाले होते, सद्या, उत्तर चुकलंय, पण दिसतंय छान.

तर नोकरी लागली. मुंबईत कँटीनला दोन महिने, गोव्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून एक पावसाळा, हर्णेला मासळीच्या लिलावात टोपल्या उचलायला चार महिने, त्यानंतर ही. हातखंब्याच्या तिठ्यावर टायरवाल्याच्या माडीवर एक खोली आहे. मुंबईचा महिपतशेठ पंधरा दिवसांनी येतो. आखातात मोठ्या इस्पितळांत आया लागतात, त्या बायका हा पाठवतो. गावोगाव फिरायचं, घरात बोलायचं, अर्ज लिहायचे. खाडीकडच्या बायका दुसरा माणूस आणतो, त्यांचे अर्जही तोच लिहितो; वरच्या गावांतल्या माझ्याकडे. फिरायचे पैसे मिळतात म्हणजे देवच पावला. नाहीतरी मी फुकट फिरतच होतो.

शेठनं पहिल्याच दिवशी जपानी घड्याळ दिलं. आई म्हणाली, किती दिवस टिकतोस बघू. मी वेळ बघितली आणि सांगितलं, सव्वानऊ.

७ मे
आज सड्यावरून तीन वाड्या करायच्या होत्या, एकच झाली. वाटेत रायवळ आंब्याखाली पोरं पत्ते कुटत बसली होती, तिथे दुपार गेली. उठलो तर पाय भाजत होते, म्हणून काशीरामकाकाच्या पडवीत पाणी प्यायला थांबलो.

काशीरामकाका म्हणजे बाबांचा जुना सोबती, मुंबईहून दम्यानं परत आलेला. चार पावलं टाकली की वाटेच्या दगडी गडग्याला हात लावून उभा राहतो. त्याची राही माहेरी परत आलीय. नवऱ्यानं मुंबईत दुसरी केली. राही माझ्याच शाळेत होती, दोन वर्षं खाली. मी आखाताचं सांगायला लागलो तर ती भाकरी थापताना म्हणाली, तुला स्वतःला एका जागी बसता येत नाही आणि दुसऱ्याला समुद्रापार बसवायला निघालास.

पण ऐकत होती. इस्पितळ म्हटल्यावर तर नीटच. बापसाचं औषध संपलं होतं.

१२ मे, रविवार
खरं काम आज कळलं. ते टेपचं.

शेठची युक्ती भारी आहे. जाणाऱ्या प्रत्येक बाईनं इथूनच तीन कॅसेटी बोलून जायचं. एक गणपतीची, एक दिवाळीची, एक शिमग्याची. तो तो सण आला की ती ती कॅसेट घरी जाते. तिकडं बायकांना टेप मिळत नाही, सवड नाही, टपाल महाग. घरची माणसं मात्र आवाज आला नाही की घाबरतात आणि ऑफिसला त्रास देतात. त्यापेक्षा हे बरं. नियम दोनच. पाऊस, पेरणी, कुणाचं लग्न, आजारपण असलं बोलायचं नाही. सणाचं तेवढं बोलायचं आणि मी सुखात आहे म्हणायचं. डब्यावर नाव लिहायचं नाही, नंबर घालायचा. नाव का नको विचारलं तर शेठ म्हणाला, नावात गोंधळ होतो, आकड्यात होत नाही. पटलं.

बायका यंत्रासमोर लाजतात. एक तर नुसती पदर चावत बसली. त्यांना बोलतं करायची मला हातोटी आहे. म्हणायचं, यंत्राकडे बघू नका, माझ्याकडे बघा, मी तुमचा भाऊ. मग बोलतात.

राही आखाताला जायला तयार झालीय, पण यंत्रासमोर भांडायला लागली. म्हणाली, "आज मे महिना, खाली फणस पिकलाय, आणि मी गणपतीचं बोलू? शिमग्याचं सोंग आहे काय हे?"

मी म्हटलं, मोदक केले असं सांग.

"केलेच नाहीत तर कसं सांगू?"

तोवर करशील की, म्हटलं.  मग बापसाला उद्देशून बोलली ते फार सुंदर. मीच सुचवलं होतं थोडं. बाबा, यंदा गणपती तुम्ही डोक्यावर घेऊ नका, पाखाडी चढताना दम लागतो, रघूदादाला घेऊ दे, तुम्ही पुढं घंटा वाजवत चला. मी इथे मोदक केले, सगळ्यांना आवडले. मी सुखात आहे.

बटण बंद केल्यावर म्हणाली, सद्या, खोटं तू सुचवलंस, पाप माझ्या तोंडाला.

तिचा नंबर चार.

१३ मे
राहीचं वय एकोणीस. शेठ म्हणाला, अर्जावर एकतीस घाल. तिकडं लहान वयाच्या बायका घेत नाहीत, सरकारचा नियम आहे. म्हणजे नियम बाईच्या भल्याचा आणि तो मोडणंही तिच्याच भल्याचं. हे मला नीट कळलं नाही, पण लिहिलं. राहीला सांगितलं तर म्हणाली, एका दिवसात बारा वर्षं? नवऱ्यानं पण एवढी म्हातारी केली नव्हती.

२ जून, रविवार
वरच्या गावांतल्या चार जणी आज जीपनं गेल्या, खाडीकडच्या सात वेगळ्या जायच्या. काशीरामकाका एवढा चढ उतरून आला. सकाळी ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालून आला होता. त्याचा अंगारा राहीला लावला, उरलेला माझ्या कपाळाला. म्हणाला, तू आहेस मध्ये म्हणून पाठवतोय.

राहीनं आपला पासपोर्ट मागितला, फोटो बघायला. शेठच्या माणसानं दिला. बघून हसली, ही कोण बाई म्हणाली. लगेच त्यानं परत घेतला. सगळ्यांचे एका रबरात बांधून खिशात घातले. हरवतात बायका, म्हणाला.

जीप गेल्यावर करमेना. टायरवाल्याकडे रेडिओ ऐकत बसलो.

१४ जुलै, हर्णे
कॅसेटींचा डबा खोलीत ठेवला तर पावसानं बुरशी येते, म्हणून घरी चुलीवरच्या फळीवर ठेवलाय. गणपतीच्या शेठनं नेल्या, तो मुंबईहून पोस्टात टाकणार. दिवाळीच्या नि शिमग्याच्या माझ्याकडे. अकरा बायकांच्या बावीस. बाकी काही काम नाही. म्हणून हर्णेला आलो.

होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकल्यात. आनंदा तांडेलाकडे उतरलोय. हा दोन वर्षं आखातात मालवाहू होडीवर होता. दिवसभर जाळं विणतो आणि बोलतो. मी नोकरीचं सांगितलं तर विणायचा थांबला. कुठलं इस्पितळ, नाव काय, म्हणाला. मला माहीत नव्हतं. मग म्हणाला, तिकडं धक्क्यामागे एक घर होतं, तिथे सिलोनच्या, फिलिपिन्सच्या, आपल्याकडच्या बायका होत्या. एका घरातून दुसऱ्या घरात विकायच्या. एक मराठीत हाक मारत होती खिडकीतून. आम्ही होडी भरत होतो.

"पासपोर्ट ज्याच्या खिशात, माणूस त्याचं, सदू. आमचं पण तसंच होतं. मी बाप्या, म्हणून पोहून सुटलो."

आनंदा पितो. शिवाय त्याचा पगार तिकडं बुडाला, म्हणून त्याला सगळंच वाईट दिसतं. इस्पितळाचं नाव शेठला विचारायला पाहिजे मात्र.

इथे एकाकडे बोलका पोपट आहे. उद्या बघायला जाणार.

२९ जुलै
घरी आलो तर आईनं दारातच सांगितलं, काशीराम गेला. परवा पहाटे. धाप लागली आणि बसल्या जागी.

सोनूकाकी, म्हणजे राहीची आई, भिंतीला टेकून बसली होती. मला बघून एवढंच म्हणाली, राहीला कळव. मी पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, कारण अक्षर चांगलं येईना. पत्ता आमच्याकडे नाही, शेठकडे आहे. त्याला हातखंब्याला नेऊन दिलं. इस्पितळाचं नाव विचारायचं राहून गेलं. अशा वेळी कसं विचारणार.

११ ऑगस्ट
शेठ आला होता. म्हणाला, पत्र पोचलं, फोनवर बोलणं झालं, पोरगी फार रडली, सुट्टी मिळत नाही म्हणाली. मी धावत जाऊन काकीला सांगितलं. तिनं पहिल्यांदा डोळ्याला पदर लावला. रडली ना, म्हणाली. एकटीच रडली असेल तिथे.

बरं वाटलं. निरोप पोचवण्यासारखं काम नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार
उद्या गणपती. शेठनं वरच्या गावांच्या चार कॅसेटी माझ्याकडे पाठवल्या. ज्यांच्या घरी यंत्र नाही तिथे मी टेप घेऊन जायचं. प्रत्येक कॅसेट परदेशी पाकिटात, तिकिटं आधीच शिक्क्यासकट चिकटवलेली. तिकिटावर उंट आहे. एवढं खोटं चालतं. बातमी चांगली असली म्हणजे पाकीट कुठलं का असेना.

१९ सप्टेंबर
लिहावं की नको ते कळत नाही.

काल दोन घरं केली. दोन्हीकडे आरतीनंतर टेप लावला, माणसं खूश, मला करंज्या. आज राहीच्या घरी गेलो. तिथे वर्षाचं दुःख, म्हणून गणपती बसवलेला नाही. देव्हाऱ्याशेजारी पाट नुसताच पालथा ठेवलाय. रघू, तिचा थोरला भाऊ, मुंबईहून आला होता. शेजारच्या बायका येऊन बसल्या. पाकिटावरचा उंट सगळ्यांनी बघितला.

मी बटण दाबलं. दाबताना मला एक आठवायला हवं होतं, ते आठवलं नाही. अकरा जणींच्या तेहेतीस कॅसेटी. मी विसरलो. देवाशपथ विसरलो.

राही बोलायला लागली. बाबा, यंदा गणपती तुम्ही डोक्यावर घेऊ नका.

 ती बोलतच राहिली. दम लागतो. रघूदादाला घेऊ दे. तुम्ही पुढं घंटा वाजवत चला. रघू उठून मागच्या दारी गेला. टेप बंद करायला माझा हात पुढे होईना. मोदक केले, सगळ्यांना आवडले. मी सुखात आहे. मग नुसती खरखर.

सोनूकाकीनं विचारलं, "सदू, ही कधी बोलली?"

मी म्हणालो, गेल्या महिन्यात.

"गेल्या महिन्यात तिला कळलं होतं ना? रडली ना ती?"

एक शेजारीण म्हणाली, धक्क्यानं पोरीचं डोकं फिरलं असेल गो. दुसरी म्हणाली, बापसाचं गेलेलं मानत नसेल. सगळ्याजणी राहीसाठी काही ना काही कारण शोधत होत्या. मी यंत्र काखेत मारून बाहेर पडलो. चौथं घर केलंच नाही.

२० सप्टेंबर
शेठनं सांगितलं ती फोनवर रडली. म्हणजे शेठ खोटं बोलला. का बोलला? काकीला बरं वाटावं म्हणून. असंही असेल.

घड्याळ काढून ठेवलं. मनगटाला घाम येतो.

२१ सप्टेंबर
शेठ आज खोलीवर होता. जाताना ठरवलं होतं की सरळ विचारायचं, पण आधी टायरवाल्याशी तासभर क्रिकेटचं बोललो. मग वर गेलो आणि इस्पितळाचं नाव विचारलं.

शेठ चिडला नाही. त्यानं चहा मागवला. म्हणाला, पाच महिने विचारलं नाहीस, मला वाटलं हुशार आहेस. मी म्हटलं, राहीला एकदा फोन लावून द्या, माझ्यासमोर. तो म्हणाला, लागत नाही, कुठल्या घरात आहे ते त्यालाही ठाऊक नाही. त्यानं मुंबईत दिल्या, मुंबईवाल्यानं पुढं दिल्या. नेपाळातून येतात, आंध्रातून येतात, सिलोनातून वेगळ्या. आपण सगळे पावसाळी वहाळ, समुद्र कुणाचा ते कुणालाच माहीत नाही. असं बोलला आणि बशीत चहा ओतला, जसं काही फणसाच्या गाडीविषयी बोलतोय.

इस्पितळातून घरात कशा गेल्या, विचारलं. तेव्हा हसला.

"सदू, तू विचारायला लागलास म्हणजे तुला कळायला लागलं. कळलेल्या माणसाला मी दुप्पट देतो. आणि अर्जांवर अक्षर कुणाचं आहे, तेही लक्षात ठेव."

चहा पिऊन आलो. प्यायलो कशाला, तेच डोक्यात फिरतंय.

२२ सप्टेंबर, रविवार
गावात आज गौरीजेवण. मी सकाळीच गोव्याच्या ट्रकवर चढलो. पुन्हा क्लीनर होईन, कुणाला काय कळतंय. ड्रायव्हर ओळखीचा, गाणी म्हणत होता, अर्ध्या वाटेपर्यंत मजेत गेलो. खरंच मजेत. लांज्याला टायर बसला. जॅक लावताना ड्रायव्हर म्हणाला, गावात कुणाला सांगून आलास की नाही?

दुसरा ट्रक मिळाला असता. परतीची एसटी आधी आली, तिच्यात बसलो. एवढंच झालं. फार विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल.

२३ सप्टेंबर
सोनूकाकी बांधावर गवत कापत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मेमध्ये टेप झाला, वय एकतीस घातलं, उंटाचं पाकीट, शेठ काय म्हणाला, हर्णेचा आनंदा काय म्हणाला. शेवटी सांगितलं की तू आहेस मध्ये म्हणून पाठवतोय, असं काका मला म्हणाला होता.

ती कापतच राहिली. बांध संपेपर्यंत. मला वाटलं विळा मारते आता. मारला असता तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

मग सरळ उभी राहून म्हणाली, "म्हणजे गेल्यापासून ती एकदा पण बोललेली नाही?"

नाही, म्हटलं.

"मग जिवंत आहे हे कुणी सांगितलं?"

 तिनं भारा तिथेच टाकला. म्हणाली, लुगडं बदलून येते, रघूला हाक मार, आपण ठाण्यावर जाऊ.

गौरीविसर्जनाचा बंदोबस्त होता. ठाण्यावर शिपायानं सांगितलं, साहेब बाहेर, गुरुवारी या. काकी पायरीवर बसली ती दिवे लागेपर्यंत उठेना. रघूनं हाताला धरून आणली.

२६ सप्टेंबर, गुरुवार
फौजदार माणूस बरा. ऐकून घेतलं. पण म्हणाला, बाई स्वखुशीनं गेली, कागदावर वय एकतीस, बापाची सही आहे, आणि सणाला आवाज येतोय की सुखात आहे. मी काय लिहून घेऊ? तिच्या तोंडचंच उद्या ते पुढे करतील.

तेव्हा मला कॅसेटींचं कळलं. त्या घरच्यांसाठी नव्हत्याच. कुणी शोधायला निघालं तर त्याच्यासमोर लावायच्या होत्या. आणि त्या मी इतक्या चांगल्या बोलवून घेतल्या.

मी म्हणालो, तो आवाज बारा मेचा आहे, मी घेतला, हातखंब्याला. दिवाळीची आणि शिमग्याची कॅसेट काढून टेबलावर ठेवली. लावा म्हटलं. आज सव्वीस सप्टेंबर, आणि ही बाई रंगपंचमी झाल्याचं सांगतेय.

त्यानं दोन्ही ऐकल्या. रघूनं तोंड भिंतीकडे केलं होतं. काकी मात्र टेबलाला धरून पुढे वाकून ऐकत होती, एक शब्द सांडू न देता.

"वय कुणी लिहिलं?"

मी.

"तुझ्यावरही कलम लागेल. समजून बोलतोयस?"

समजलं नव्हतं, पण हो म्हणालो.

मग तो म्हणाला, एका घरची तक्रार असली तर ते चूक म्हणून झटकतील. अकरा घरं आली तर मुंबईला, दिल्लीला, वकिलातीला हलावं लागेल. बाकीच्या दहा कोण? मी आणलेल्या तिघींची गावं सांगितली. उरलेल्या सात जणी खाडीकडच्या. मी त्यांना माझ्याकडे बघा म्हटलं होतं, भाऊ म्हटलं होतं, आणि नावं विचारली नव्हती. माझ्याकडे नंबर आणि आवाज.

हातखंब्याच्या खोलीला नवं कुलूप आहे. टायरवाला म्हणतो, शेठ काल रात्रीच सामान घेऊन गेला, पत्ता ठेवला नाही.

रोज सायंकाळी ठाण्यात हजेरी द्यायची आहे. तोवर दिवसा फिरून घरं शोधायची. फौजदारानं टेप आणि डबा सही घेऊन माझ्याकडे दिला. पुरावा आहे, भिजवू नकोस म्हणाला. राहीच्या दोन्ही त्यानं ठेवून घेतल्या. काकीनं मागितल्या नाहीत, पण बाहेर पडताना दोनदा मागे वळून बघितलं.

२८ सप्टेंबर
आई ताट वाढते आणि आत जाते. मी आणलेल्या तिन्ही घरी जाऊन आलो. एका घरी दार लावून घेतलं. एका घरी बाईच्या सासऱ्यानं काठी घातली, खांदा सुजलाय, पण शेवटी अंगठा द्यायला येतो म्हणाला. तिसऱ्या घरी विश्वास नाही. आमची मुलगी सुखात आहे, तिनंच सांगितलं, असं म्हणतात.

एकट्यानं जमत नाही हे काकीला कळलं असावं. सांजेला निरोप आला, उद्यापासून मी येते.

३० सप्टेंबर, पावस
सातांतलं एक घर आज सापडलं, अजून सहा राहिलीत. कालचा दिवस फुकट गेला. एका बाईच्या बोलण्यात खाडीचा धक्का होता, म्हणून तीन धक्के केले, कुणी आवाज ओळखला नाही. तिसऱ्या धक्क्यावर होडी रंगवत होते, ते बघत मी उभा राहिलो. काकीनं दंडाला धरून पुढे नेलं. 

सात नंबरची बाई दिवाळीच्या कॅसेटमध्ये पावसच्या माडांचं बोलते. म्हणून आज इथे. काकी पुढे, मी मागे टेप घेऊन. ती दारात जाऊन सांगते, आवाज ऐका, तुमच्यातली असली तर सांगा. दोन घरांनी नाही म्हटलं. तिसऱ्या घराच्या अंगणात मी बटण दाबलं. आये, पणत्यांना तेल कमी घालू नको, असं सुरू झालं.

आतून कुणी म्हणालं, "आमची गुणवंती." आणि एक म्हातारी ओले हात पदराला पुशीत बाहेर आली, हसत. तिनं शेजारच्या गोदूबाईला हाक मारली, ये गो, आमच्या गुणवंतीची कॅसेट आली. गणपतीत एक आली होती, पण घरात यंत्र कुठलं, ती तशीच ठेवलीय. ती आत गेली आणि पाकीट घेऊन आली. उंटाचं. न फोडलेलं. आमच्यासाठी चटई टाकली. मला म्हणाली, पोरा, फार लांबून आलास, पहिल्यापासून लाव, हिला पण ऐकू दे.

मी काकीकडे बघितलं. वाटलं, ती सांगेल. आतापर्यंत तीच बोलत होती. पण ती चटईवर न बसता माझ्याकडेच बघत उभी राहिली, आणि तिनं पाकीट म्हातारीच्या हातातून घेऊन माझ्या हातात दिलं.

मी टेप बंद केला आणि म्हणालो, आज्ये, आधी खाली बस.